बाळाच्या घासातला सोमल आणि कंपन्यांच्या कपाटातले अहवाल

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील आर्थिक व ग्राहक धोरणविषयक उपसमितीने ४ फेब्रुवारी २०२१ रोजी एक अहवाल प्रसिद्ध केला. राजा कृष्णमूर्ती हे या उपसमितीचे अध्यक्ष होते आणि बाजारात तयार मिळणारे तान्ह्या मुलांचे खाद्य व त्यात आढळणारे आर्सेनिक, शिसे, कॅडमियम आणि पारा हा अहवालाचा विषय होता. आर्सेनिक म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या तोंडचा सोमल. उंदीर मारण्यासाठी आणि क्वचित माणूस मारण्यासाठीही ज्याचा उपयोग झाला, ते हे द्रव्य तांदळाच्या पिठाच्या वाटेने सहा-आठ महिन्यांच्या बाळाच्या तोंडात जात होते.

अहवालातील आकडे भयंकर आहेतच. पण ते आकडे आले कोठून, हे पाहिले म्हणजे खरा संताप येतो. सरकारी निरीक्षकांनी ते धाडी घालून मिळवले नव्हते. कोण्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतूनही ते आले नव्हते. ते कंपन्यांच्या स्वतःच्या कपाटांत पडून होते. मालाची तपासणी झाली होती, पैसे मोजून झाली होती, शास्त्रशुद्ध झाली होती. विष आहे हे ठाऊक होते, किती आहे हेही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त चमचा हातात धरलेल्या आईला.

या लेखाचा विषय ही तपासणी आहे. ती कोणाच्या मालकीची असावी, तिचा निकाल कोणापुढे मांडला जावा आणि निकाल प्रतिकूल आला तर पुढे काय व्हावे, हे प्रश्न वरवर तांत्रिक दिसतात. वस्तुतः ते राजकीय प्रश्न आहेत आणि राजकीय प्रश्न म्हणूनच त्यांची उत्तरे दिली पाहिजेत.

तांदूळच का?

आर्सेनिक जमिनीत आणि भूजलात नैसर्गिकपणे असते. सर्वच पिके ते थोडेफार शोषतात, पण भात ते इतर धान्यांहून कितीतरी अधिक शोषतो. भाताचे खाचर पाण्याखाली असते. साचलेल्या पाण्याखालच्या मातीत प्राणवायू उरत नाही, आणि एरवी मातीतील लोहाला घट्ट चिकटून असलेले आर्सेनिक अशा मातीत सुटे होऊन पाण्यात उतरते. भाताच्या मुळांना सिलिका हवी असते. सुटे झालेले आर्सेनिक रासायनिक रूपाने सिलिकेच्या इतके जवळचे असते की रोपाच्या ज्या दाराने सिलिका आत जाते, त्याच दाराने तेही आत शिरते. जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली हा मार्ग उलगडून दाखवला. दाण्यात पोचलेले आर्सेनिक कोंड्याच्या थरात अधिक साठते. त्यामुळे आरोग्यदायक म्हणून गौरवला जाणारा बिनसडीचा तांदूळ या बाबतीत पांढऱ्या तांदळापेक्षा वाईट ठरतो.

हे झाले निसर्गाचे. परंतु सगळा दोष निसर्गाच्या माथी मारता येत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील ज्या राज्यांत आज भात पिकतो, तेथे पूर्वी अनेक ठिकाणी कापूस होता. कापसाचे बोंड पोखरणाऱ्या भुंग्याला मारण्यासाठी त्या शेतांवर वर्षानुवर्षे कॅल्शियम आर्सेनेटची भुकटी उधळली गेली. पुढे तणनाशके आली, तीही आर्सेनिकचीच. कोंबड्या लवकर पोसाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात आर्सेनिकयुक्त औषधे घालण्याची प्रथा तर २०१५ पर्यंत पूर्णपणे बंद झालेली नव्हती, आणि त्या कोंबड्यांची विष्ठा खत म्हणून शेतात जात होती. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळून नाहीसे होत नाही. मळेवाल्यांनी आणि रसायन कंपन्यांनी त्या काळी नफा उचलला आणि विष मातीत ठेवून ते निघून गेले. आता ते भाताच्या मुळांतून वर येत आहे. अशा मातीतल्या विषाला ‘नैसर्गिक’ म्हणणे म्हणजे धरणग्रस्ताच्या बुडालेल्या घराला पावसाचा प्रकोप म्हणण्यासारखे आहे.

बाळच का?

लहान मुलाला भात पचायला हलका, ही समजूत जगभर आहे. आपल्याकडे उष्टावणात बाळाच्या ओठांना लागणारा पहिला घास तांदळाच्या खिरीचाच असतो. अमेरिकेत बाळाला लोह मिळावे म्हणून लोहयुक्त तांदळाचे पीठ हे पहिले खाद्य म्हणून अनेक पिढ्या चालत आले. परिणामी, वजनाच्या मानाने पाहिले तर अमेरिकेतील तान्हे मूल प्रौढ माणसाच्या सुमारे तिप्पट तांदूळ खाते, आणि हे प्रमाण आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते. हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली स्वतः सांगितले आहे. ज्या वयात मेंदूची घडण सर्वाधिक वेगाने चाललेली असते, नेमके त्याच वयात हे घडते.

आर्सेनिकच्या असेंद्रिय रूपाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारक द्रव्यांच्या वर्गात घातले आहे. गर्भावस्थेत आणि तान्हेपणी ते शरीरात गेल्यास मुलांच्या बौद्धिक विकासाच्या चाचण्यांतील कामगिरी खालावू शकते, असा निष्कर्ष त्याच प्रशासनाने काढला. येथे कोणी घास घेताच काळेनिळे पडत नाही. उलटी नाही, ताप नाही, दवाखान्यात धावपळ नाही. चार-पाच गुणांनी मागे पडलेले मूल आईला दिसत नाही, शिक्षकाला दिसत नाही आणि न्यायालयात तर मुळीच सिद्ध करता येत नाही. नफेखोरीला यापेक्षा सोयीचे विष दुसरे कोणते असणार?

म्हणूनच येथे प्रयोगशाळेला पर्याय नाही. सोमलाला वास नाही, चव नाही. जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने १८३६ साली आर्सेनिक ओळखण्याची खात्रीलायक कसोटी शोधून काढली, ती विषप्रयोगाच्या खटल्यांत पुरावा टिकावा म्हणून. आज ही विद्या फार पुढे गेली आहे. प्लाझ्माच्या प्रचंड उष्णतेत नमुन्याचे आयन करून त्यातील आर्सेनिक अब्जांशात मोजता येते, आणि द्रवांच्या पृथक्करणाने त्यातील घातक असेंद्रिय भाग व तुलनेने सौम्य सेंद्रिय भाग वेगवेगळा सांगता येतो. एका किलोत एक मायक्रोग्रॅम म्हणजे एक अब्जांश. एवढे सूक्ष्म मोजमाप आज नित्याचे झाले आहे. ज्ञान कमी पडले, अशी सबब कोणालाही सांगता येणार नाही.

कपाटे उघडली तेव्हा

आता त्या अहवालाकडे पाहू. उपसमितीने सात कंपन्यांकडे कागदपत्रे मागितली. नर्चर, बीच-नट, हेन सेलेस्टियल आणि गर्बर या चौघांनी ती दिली. वॉलमार्ट, कॅम्पबेल आणि स्प्राउट यांनी त्या वेळी सहकार्य केले नाही. ज्यांनी कपाटे उघडली त्यांच्या कपाटांत काय निघाले?

नर्चर कंपनीने विक्रीपूर्वी तपासलेल्या मालापैकी पाव हिश्शाहून अधिक मालात असेंद्रिय आर्सेनिक १०० अब्जांशांहून जास्त होते. काही मालात ते १८० अब्जांशांपर्यंत गेले होते. कंपनीने स्वतःपुरत्या मर्यादा आखल्या होत्या. त्या मर्यादा ओलांडणारा मालही विकला गेला. बीच-नटने खाद्याला मऊपणा यावा म्हणून वापरलेल्या एका पूरक द्रव्यात आर्सेनिक ९१३.४ अब्जांश इतके होते. ते तपासले गेले होते आणि तपासून झाल्यावरही वापरले गेले होते. गर्बरने ज्या तांदळाच्या पिठात असेंद्रिय आर्सेनिक ९० अब्जांशांहून अधिक आढळले होते, अशा पिठाचे ६७ गट वापरले. ही गर्बर २००७ पासून नेस्ले या बहुराष्ट्रीय कंपनीची आहे. आफ्रिका-आशियातील गरीब मातांना बाटलीच्या दुधाची चटक लावल्याबद्दल जिच्या मालावर १९७७ पासून बहिष्काराची चळवळ झाली, तीच ही नेस्ले.

सर्वांत बोधप्रद आहे ती हेन सेलेस्टियलची कथा. ही कंपनी ‘सेंद्रिय’ म्हणून चढ्या भावाने बाळांचे खाद्य विकते. तिचा शिरस्ता असा होता की कच्चा माल तपासायचा, तयार माल तपासायचा नाही. १ ऑगस्ट २०१९ रोजी तिने सरकारी अधिकाऱ्यांपुढे बंद दाराआड एक सादरीकरण केले. तयार माल तपासून पाहिला तेव्हा त्यातील असेंद्रिय आर्सेनिक कच्च्या मालावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा २८ ते ९३ टक्क्यांनी अधिक भरले, अशी कबुली तिने त्यात दिली. जीवनसत्त्वांचे जे मिश्रण पौष्टिक म्हणून वरून घातले जाई, तेच या वाढीचे एक मोठे कारण असावे, असा कंपनीचा कयास होता. म्हणजे केवळ कच्चा माल तपासून बाळाच्या वाटीत काय पडते ते कळत नाही, हे त्या दिवशी कंपनीलाही कळले आणि सरकारलाही कळले. लोकांना ते कळले अठरा महिन्यांनी, आणि तेही उपसमितीने कागद मागवले म्हणून.

कंपन्यांचे उत्तर काय? आम्ही कायदा मोडलेला नाही! हे उत्तर बव्हंशी खरे होते, आणि तेच त्या व्यवस्थेवरचे सर्वांत कठोर आरोपपत्र आहे. बाळांच्या तांदळाच्या पिठाखेरीज इतर बालखाद्यांतील आर्सेनिकला त्या देशात तोवर मर्यादाच नव्हती. पिठासाठी जी होती तिची हकीकत आता पाहावी.

आठ वर्षांची सरकारी डुलकी

तांदळातील आर्सेनिकचा प्रश्न अमेरिकेत २०१२ साली चव्हाट्यावर आला. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या बिगरव्यापारी संस्थेने तांदळाचे दोनशेहून अधिक नमुने तपासून निष्कर्ष जाहीर केले. त्याच वर्षी डार्टमथ महाविद्यालयाच्या संशोधकांनी, तांदळाच्या काकवीने गोड केलेल्या ‘सेंद्रिय’ बालदुधात आर्सेनिक दाखवून दिले. प्रशासनाने आपलेही नमुने तपासले. पुढच्या वर्षीपर्यंत एकूण तेराशेच्या आसपास नमुन्यांचे आकडे दिले. यानंतर मर्यादेचा मसुदा निघाला तो एप्रिल २०१६ मध्ये, आणि मसुदा कायम झाला ऑगस्ट २०२० मध्ये. २०१२ साली ज्या बाळाने पहिला घास घेतला, ते तोवर आठ वर्षांचे होऊन शाळेत जाऊ लागले होते.

एवढ्या प्रतीक्षेनंतर मिळाले काय, तर १०० अब्जांशांची एक मार्गदर्शक पातळी. ती बंधनकारक नाही. तिच्याबरोबर प्रत्येक गट तपासण्याची सक्ती आली नाही, निकाल जाहीर करण्याचीही नाही. युरोपीय संघाने बाळांच्या अन्नासाठी वापरायच्या तांदळाला हीच १०० अब्जांशांची मर्यादा १ जानेवारी २०१६ पासून कायद्याने लागू केली. तेथले उद्योग त्यामुळे बंद पडले नाहीत. अटलांटिक महासागराच्या एका काठावर जो कायदा होता, तो दुसऱ्या काठावर साडेचार वर्षांनंतरही केवळ उपदेश होता. शेतात, तांदळात आणि बाळात असा कोणता फरक होता की ज्यामुळे हे व्हावे? फरक होता तो उद्योगपतींच्या सरकारदरबारी चालणाऱ्या वजनात.

शिवाय ही शंभराची पातळी ठरवताना बाळाला काय सोसेल एवढेच पाहिले गेले नाही. उद्योगाला काय साधेल हेही पाहिले गेले. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा त्याच देशात १० अब्जांश आहे. पाणी जास्त प्यायले जाते, पीठ थोडे खाल्ले जाते, तेव्हा हे दोन आकडे सरळ एकमेकांपुढे ठेवणे योग्य होणार नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु बाळाच्या पिठाची मर्यादा ठरवताना कारखानदाराची सोय हेही माप होते, ही गोष्ट काही लपत नाही.

‘थोडे असणारच’ या युक्तिवादाचा समाचार

या ठिकाणी उद्योगांचे कैवारी पुढे होऊन सांगतात: आर्सेनिक मातीतच आहे, ते शून्य कसे करणार? उगाच भीती पसरवू नका. हा युक्तिवाद वरकरणी समंजस वाटतो म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

उत्तर सरकारी आकड्यांतच आहे. बाळांच्या तांदळाच्या पिठाचे जे नमुने प्रशासनाने तपासले, त्यांपैकी १०० अब्जांशांच्या आत बसणारे नमुने २०११ ते २०१३ या काळात ३६ टक्के होते. २०१४ साली ते ४७ टक्के झाले आणि २०१८ साली ७६ टक्के. या काळात अमेरिकेची माती बदलली नाही. भाताची मुळेही बदलली नाहीत. बोभाटा झाला, मसुदा निघाला, सरकार नमुने उचलते आहे हे कळले, आणि जे ‘अशक्य’ म्हणून सांगितले जात होते ते निम्म्याहून अधिक शक्य होऊन गेले. तांदूळ कोठून घ्यायचा, कोणता घ्यायचा, कोणता गट नाकारायचा, हे सारे कंपन्यांच्या हातात होतेच. २०१४ साली ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ने दाखवून दिले होते की कॅलिफोर्निया, भारत आणि पाकिस्तान येथील पांढऱ्या बासमतीत असेंद्रिय आर्सेनिक इतर बहुतेक तांदळांच्या निम्म्याच्या आसपास असते. चांगला तांदूळ जगात होता. तो महाग होता, एवढाच त्याचा दोष!

तेव्हा शून्याची मागणी कोणी करत नाही. जितके कमी करता येते तितके कमी करा आणि किती आहे ते सांगा, एवढीच मागणी आहे. ज्याला ‘किती आहे’ हे सांगायचे नसते, तोच ‘शून्य अशक्य आहे’ असे ओरडत असतो.

दुसरा युक्तिवाद बाजारपेठेच्या भक्तांचा. आईबापांनी पाहून निवडावे, वाईट माल आपोआप मागे पडेल. आईबापांनी पाहायचे कशात? डब्यावर हसऱ्या बाळाचे चित्र असते, आर्सेनिकचा आकडा नसतो. जास्त पैसे देऊन ‘सेंद्रिय’ माल घ्यावा, तर सोमल तेथेही आहे. मातीत ५०-६० वर्षांपूर्वी पडलेले विष सेंद्रियतेचे प्रमाणपत्र पाहून बाजूला होत नाही. आणि ज्यांच्यापाशी निवडीला पैसाच नाही त्यांचे काय? अमेरिकेत गरीब माता व अर्भके यांच्यासाठी सरकारी पूरक आहार योजना आहे आणि तिच्या शिध्यात बाळाचे पीठही असते. या योजनेतल्या आईचे ग्राहक म्हणून स्वातंत्र्य किती? जे मंजूर आहे ते उचलावे, एवढेच. तेव्हा एक हात जी मर्यादा आखायला आठ वर्षे घेतो, त्याच सरकारचा दुसरा हात करदात्यांच्या पैशाने ते पीठ विकत घेऊन गरिबाच्या घरी पोचवतो.

अलास्काचा धडा

या सर्व प्रकरणात एक घटना अशी आहे की जिच्याकडे डाव्या विचाराच्या कार्यकर्त्याने विशेष लक्ष द्यावे. जून २०२१ मध्ये बीच-नटने तांदळाच्या पिठाचा एक गट बाजारातून परत मागवला आणि पाठोपाठ हे पीठ विकणेच बंद करत असल्याचे जाहीर केले. मर्यादेच्या पुरेसे आत बसणारे तांदळाचे पीठ सातत्याने मिळवता येईल याची खात्री नाही, असे कारण तिने दिले. हे शहाणपण तिला आपल्या कपाटातल्या अहवालांनी दिलेले नव्हते. अलास्का राज्याच्या सरकारने नेहमीच्या पाहणीत दुकानातून पिठाचे नमुने उचलले आणि त्यात असेंद्रिय आर्सेनिक १०० अब्जांशांच्या वर आढळले, तेव्हा ही माघार झाली. उपसमितीने सप्टेंबर २०२१ च्या दुसऱ्या अहवालात तीही अपुरी होती असे नोंदवले.

अमेरिकेतील अत्यल्प लोकसंख्येच्या राज्यांपैकी हे एक राज्य. त्याने दुकानात जाऊन डबा उचलला, तपासला आणि निकाल सांगितला. कंपनीच्या शेकडो खाजगी तपासण्यांनी जे झाले नाही, ते एका सार्वजनिक तपासणीने झाले. कारण उघड आहे. खाजगी तपासणीचा निकाल मालकाला जबाबदार असतो, सार्वजनिक तपासणीचा निकाल लोकांना. यंत्र तेच, रसायनशास्त्र तेच. मालकी बदलली की ज्ञानाचे वर्तन बदलते.

बॉयलरला जपले, बाळाला नाही

हे सारे जगात प्रथमच घडते आहे असेही नाही. १९५५ च्या उन्हाळ्यात पश्चिम जपानमध्ये तान्ही मुले एकाएकी आजारी पडू लागली. ताप, जुलाब, काळवंडलेली कातडी. मोरिनागा कंपनीच्या तोकुशिमा येथील कारखान्याची दुधाची भुकटी या मुलांना दिली जात होती. दूध टिकावे म्हणून त्यात सोडियम फॉस्फेट घातले जाई, आणि कंपनीने घेतलेले सोडियम फॉस्फेट हे अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातील टाकाऊ पदार्थापासून आलेले, आर्सेनिकने भरलेले होते. बारा हजारांहून अधिक मुलांना विषबाधा झाली. शंभराहून अधिक दगावली.

यातील एक तपशील प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावा असा आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या त्याच कारखान्याकडून आलेले हेच द्रव्य जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने इंजिनांचे बॉयलर धुण्यासाठी मागवले होते. रेल्वेने ते वापरण्याआधी तपासले. आर्सेनिक आढळले म्हणून परत पाठवले. सार्वजनिक मालकीच्या रेल्वेने आपल्या बॉयलरची जेवढी काळजी घेतली, तेवढी खाजगी दूध कंपनीने बाळांच्या पोटाची घेतली नाही!

पुढचा इतिहासही नेहमीचाच. तज्ज्ञांच्या एका समितीने मुलांवर दीर्घकालीन परिणाम होण्याची चिंता नाही असा निर्वाळा दिला. १९६३ साली न्यायालयाने कंपनीच्या माणसांना निर्दोष सोडले. आईबापांना गप्प बसवण्यात आले. चौदा वर्षांनी, १९६९ साली, ओसाका विद्यापीठाचे प्राध्यापक मारुयामा आणि त्यांच्यासोबतच्या शाळांतील व सार्वजनिक आरोग्य खात्यातील परिचारिका-शिक्षिका घरोघर गेल्या आणि वाढलेल्या मुलांची दुखणी त्यांनी नोंदवली. मग आंदोलन पुन्हा पेटले. १९७३ साली फेरचौकशीत कारखान्यातील जबाबदार अधिकाऱ्याला शिक्षा झाली, आणि १९७४ साली पीडितांच्या आजन्म साहाय्यासाठी संस्था स्थापन झाली. समितीने झाकलेले सत्य दारोदार फिरणाऱ्या साध्या कर्मचाऱ्यांनी उघडे केले.

कायदा आला, पण कोठवर?

उपसमितीच्या अहवालानंतर अमेरिकेत हालचाल झाली हे खरे. बालखाद्यातील विषारी धातूंवर मर्यादा घालणारे विधेयक २०२१ साली संसदेत मांडले गेले. ते मंजूर झाले नाही. कॅलिफोर्निया राज्याने मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये कायदा केला. जानेवारी २०२४ पासून बालखाद्याच्या तयार मालाचा नमुना दरमहा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासण्याची सक्ती झाली आणि जानेवारी २०२५ पासून आर्सेनिकसह चारही धातूंचे आकडे लोकांना खुले करण्याची. तयार माल तपासा आणि निकाल उघड करा, ही दोन तत्त्वे त्याने मान्य केली, म्हणून हा कायदा स्वागतार्ह आहे.

पण त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नमुना कंपनीच निवडते, प्रयोगशाळेचे बिल कंपनीच भरते. आकडा प्रसिद्ध करायचा, पण तो किती असावा हे या कायद्याने सांगितलेले नाही. पुन्हा सगळा भार आईवर. तिने रात्री बाळ निजल्यावर डब्यावरची खूण पाहावी, आकडे शोधावेत, अब्जांश समजून घ्यावेत आणि मग ठरवावे. जी दोन पाळ्यांत काम करते तिने हे केव्हा करावे? माहितीचा अधिकार ही मोठी गोष्ट आहे, परंतु माहिती हा संरक्षणाचा पर्याय नव्हे.

आपल्या अंगणातले प्रश्न

हा सारा दूरदेशीचा मामला आहे, असे समजून पान उलटणाऱ्या वाचकांस दोन शब्द. आर्सेनिकने माणसे कशी झिजतात हे आपल्या देशाने जवळून पाहिले आहे. पश्चिम बंगालमधील खेड्यांत कातडीवर काळे डाग आणि तळहातांवर गाठी घेऊन येणारे रुग्ण नळकूपांच्या पाण्यातील आर्सेनिकचे बळी आहेत, हे कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ साली ओळखले. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी पुढे कित्येक वर्षे गावोगावचे पाणी तपासून या आपत्तीचा नकाशा उभा केला. त्याच भूजलावर उन्हाळी भात पिकतो. तांदूळ प्रांताच्या सीमा पाहत नाही.

आपल्याकडे अर्भक-खाद्याच्या जाहिरातीला बंदी घालणारा १९९२ चा कायदा आहे. तो लोकचळवळींच्या रेट्याने झाला आणि त्याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा. परंतु जाहिरात थांबवणे आणि डब्यात काय आहे ते तपासणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७५ साली सुरू झालेल्या बालविकास योजनेतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी नेण्याचा शिधा दिला जातो. हा पुरवठा कंत्राटदारांकडे देऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली बजावले. आता पुढचा प्रश्न आपण विचारला पाहिजे. त्या पाकिटातील धान्याची धातूंसाठी तपासणी कोण करते, किती वेळा करते, आणि तिचा निकाल अंगणवाडीच्या भिंतीवर का लावला जात नाही? पोटभर मिळण्यासाठी जो वर्ग अजून झगडतो आहे, त्याने शुद्धतेची मागणी करणे ही चैन नव्हे. श्रीमंताचे मूल दहा प्रकारचे अन्न खाते, त्यामुळे एका अन्नातले विष त्याच्या वाट्याला थोडे येते. गरिबाचे मूल रोज तेच खाते.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बालखाद्यातील असेंद्रिय आर्सेनिकची मर्यादा कायद्याने बंधनकारक असावी आणि ती शरीराच्या मापाने ठरावी, उद्योगाच्या सोयीने नव्हे. तपासणी तयार मालाची व्हावी. नमुना सरकारी निरीक्षकाने दुकानातून उचलावा, प्रयोगशाळा सार्वजनिक असावी आणि तिचा खर्च उत्पादकांवर कर बसवून वसूल करावा. प्रत्येक निकाल, अनुकूल असो वा प्रतिकूल, लोकांपुढे यावा. बाळाच्या पोटात जाणाऱ्या विषाला व्यापारी गुपित म्हणण्याचा अधिकार कोणालाही नसावा. आणि मर्यादा ओलांडणारा माल परत मागवण्याची सत्ता कंपनीच्या सदसद्विवेकबुद्धीकडे न राहता शासनाकडे असावी.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. रेल्वेने १९५५ पूर्वी बॉयलरसाठी जे केले, तेच बाळांसाठी करा एवढेच आम्ही म्हणतो. तेवढे करण्यासही जी व्यवस्था नफ्याची परवानगी मागते, तिला ती परवानगी न मागता काम करायला लावणे हे संघटित लोकांचेच काम आहे. अंगणवाडी सेविकांच्या संघटना, महिला मंडळे आणि ग्राहक समित्या यांनी आपापल्या तालुक्यातून या प्रश्नाची सुरुवात एका साध्या अर्जाने करावी: आमच्या मुलांच्या शिध्याचा तपासणी अहवाल आम्हाला दाखवा. अहवाल निघाला तर तो वाचता येईल. निघाला नाही, तर लढा कोठून सुरू करायचा ते कळेल.